फोन येईल त्या दिवसाची तयारी : रक्त मूलपेशी दान करू इच्छिणाऱ्यांसाठी

कॉलेजातल्या शिबिरात नोंदणीच्या टेबलापाशी बसले की थोड्या थोड्या वेळाने तोच प्रश्न येतो. "ताई, गालात काडी फिरवली की झालं ना?" नोंदणी झाली, हो. पण खरं दान करायची वेळ आलीच, तर ती कधी काही महिन्यांनी येते, कधी आठ-दहा वर्षांनी. त्या दिवशी फोनवर तुम्ही काय उत्तर देता यावर एका माणसाचा जीव टांगलेला असतो. म्हणून काडी हातात देण्याआधी मी उलट विचारते, "घरी बोललात का?"

हे मी अनुभवातून शिकले. पुण्यात शिकत असताना मैत्रिणींच्या घोळक्यात मी नाव नोंदवलं आणि विसरून गेले. चार वर्षांनी फोन आला, तेव्हा इचलकरंजीच्या आमच्या घरात कुणाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आईने जेवण सोडलं. पाठीच्या कण्यात सुई घालतात, मुलगी अधू होईल, पुढे लग्न कसं जुळायचं, असं तिला शेजारपाजारहून ऐकू येत होतं. शेवटी दान झालं, मी ठणठणीत आहे. पण त्या दोन आठवड्यांत जे सोसलं, त्यातलं निम्मं मी आधी एका संध्याकाळी घरी बसून बोलले असते तर टळलं असतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं क्रमाने सांगते.

आपण नेमकं काय देतो?

रक्त एकदा बनलं आणि आयुष्यभर पुरलं असं नसतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि काही पांढऱ्या पेशी तर जेमतेम दिवसभर. ही झीज भरून काढायला शरीर रोज सुमारे २०,००० कोटी लाल पेशी नव्याने तयार करतं. हा कारखाना चालतो हाडांच्या आतल्या मऊ मज्जेत. मोठ्या माणसात मुख्यतः कमरेच्या हाडात, छातीच्या मधल्या हाडात, मणक्यांत आणि बरगड्यांत. तिथे ज्या थोड्या पेशींपासून बाकीच्या सगळ्या रक्तपेशी निपजतात, त्या रक्त मूलपेशी. डॉक्टर मंडळी 'स्टेम सेल' म्हणतात.

शेतकऱ्याच्या घरात खायचं धान्य वेगळं आणि पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाणं वेगळं. रक्तदानात आपण धान्य देतो, मूलपेशी दानात बियाणं. फरक इतकाच, की हे बियाणं आपल्या कणगीत काही आठवड्यांत पुन्हा भरतं. मूत्रपिंड दिलं की एक कमी होतं, तसं इथे होत नाही.

रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, झाला की बियाणंच बिघडलेलं असतं. अॅप्लास्टिक अॅनिमियात ते जवळजवळ संपलेलं असतं. थॅलेसेमियात आणि सिकल सेलमध्ये बियाणं भरपूर असतं, पण जन्मापासून सदोष. अशा रुग्णाला आधी तीव्र औषधं, कधी किरणोपचारही देऊन त्याची स्वतःची मज्जा रिकामी करतात आणि मग निरोगी माणसाच्या मूलपेशी देतात. यालाच बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात. नाव ऐकून मोठी शस्त्रक्रिया वाटते, पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर त्या पेशी छातीजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून रक्त चढवावं तशा चढवतात. पेशी रक्तातून वाट काढत आपणहून मज्जेत जाऊन बसतात. त्यांना वाट कोणी दाखवावी लागत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

हे तंत्र फार जुनं नाही. अमेरिकेतल्या डॉ. ई. डोनाल थॉमस यांनी १९५०च्या दशकात जुळ्या भावंडांपासून याची सुरुवात केली आणि १९९०मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. भारतात पहिलं प्रत्यारोपण १९८३मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या डॉक्टरांनी परळमध्ये ही वाट पाडली, ही गोष्ट शिबिरात मी आवर्जून सांगते.

जुळणं म्हणजे काय, आणि आपली गरज का?

पहिला गैरसमज इथेच दूर करू. यात रक्तगट जुळावा लागत नाही. दात्याचा गट ओ आणि रुग्णाचा ए असला तरी चालतं. प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो. त्यामुळे 'बोन मॅरो हवा आहे, ग्रुप बी पॉझिटिव्ह, तातडीने संपर्क साधा' असे संदेश व्हॉट्सॲपवर आले तर पुढे ढकलू नका. त्याने कुणाचंच काम होत नाही.

जुळावे लागतात ते एचएलए नावाचे घटक. पेशींच्या पृष्ठभागावर असलेली ही ओळखपत्रं. आपली पेशी कोणती आणि परकी कोणती, हे प्रतिकारशक्ती यावरून ठरवते. फ्रान्सचे जाँ दोसे यांनी १९५८मध्ये यातला पहिला घटक शोधला. एचएलएचा एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आई-वडिलांशी साधारणतः निम्मंच जुळतं.

आता आजच्या घरांकडे बघा. आजोबांच्या पिढीत सहा-सात भावंडं असायची, कुणीतरी जुळायचं. आता एक किंवा दोन मुलं. आजारी मुलाला एकच भाऊ असेल, तर तो न जुळण्याची शक्यता चारात तीन. एकुलतं एक असेल तर प्रश्नच मिटला. मग अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि त्यासाठी नोंदणीयाद्या असतात. जगातली पहिली यादी १९७४मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी आपल्या अँथनी नावाच्या लहान मुलासाठी सुरू केली. त्याला दाता मिळाला नाही, तो १९७९मध्ये गेला. यादी मात्र त्याच्या नावाने आजही चालू आहे.

आज जगभरच्या याद्यांत मिळून ४ कोटींहून अधिक दाते आहेत. भारतातल्या सगळ्या याद्या एकत्र केल्या तरी आकडा काही लाखांतच राहतो. आणि एचएलए पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीतून येत असल्याने भारतीय रुग्णाला दाता मिळण्याची सर्वाधिक आशा भारतीय वंशाच्या माणसातच असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीने दिलेला एक आकडा बोलका आहे : गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता यादीत सापडण्याची शक्यता ७९ टक्के, तर आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७ टक्के. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली. त्यामुळे काही एचएलए संच एकेका समाजात साठून राहिले. यादीत सगळ्या समाजांतली, सगळ्या जिल्ह्यांतली माणसं असणं म्हणूनच गरजेचं आहे. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतल्या शिबिरांनी एवढं भागणार नाही. नंदुरबार, गडचिरोली, परभणीहूनही नावं यायला हवीत. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनी तिथल्या यादीत नाव घालावं. शोध जगभर एकत्र होतो, त्यामुळे न्यू जर्सीतली नोंद नाशिकच्या मुलाच्या कामी येऊ शकते.

पहिली पायरी : सही करण्याआधी घरात बोला

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि कुठल्याही फॉर्मवर ती नसते.

प्रौढ माणसाला कायद्याने स्वतःची संमती पुरते. पण आपली घरं कशी चालतात हे आपल्याला ठाऊक आहे. जुळल्याचा फोन आला की आई, वडील, नवरा, बायको, सासू, गावाकडचा काका, सगळे बोलतात. अनेक दाते ऐन वेळी मागे फिरतात त्यामागे बऱ्याचदा स्वतःची भीती नसते, घरच्यांचा विरोध असतो. मागे फिरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तो असायलाच हवा. पण तो नोंदणीच्या टेबलापाशी वापरला तर कुणाचं काहीच बिघडत नाही.

घरी काय सांगायचं? माझ्या आईला पटलं ते असं. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा हे दंडातल्या शिरेतून होतं, प्लेटलेट दान करतात त्याच पद्धतीच्या यंत्रावर. मुलं होण्यावर, पाळीवर, पुढच्या आयुष्यातल्या ताकदीवर याचा परिणाम होत नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. आणि शेवटी, आमच्या डॉक्टरकाकांनी तिला समोर बसवून हेच पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे तिने मान डोलावली. ज्या घरात मुलीच्या शब्दापेक्षा डॉक्टरांच्या शब्दाला वजन आहे, तिथे खुशाल डॉक्टरांना मध्ये घ्या. त्यात कमीपणा नाही.

दुसरी पायरी : नोंदणी

भारतात नोंदणी करणाऱ्या संस्थांपैकी चेन्नईची 'दात्री', बंगळूरुची डीकेएमएस फाउंडेशन इंडिया आणि मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया यांची नावं तुमच्या कानावर येतील. शिबिरात जाऊन किंवा घरी संच मागवून नोंदणी करता येते. एकाच यादीत नाव घाला. दोन ठिकाणी घातल्याने शक्यता वाढत नाही, उलट शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो.

वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. वरची मर्यादा संस्थेप्रमाणे बदलते, साधारण पन्नाशीच्या आसपास. तरुण दात्यांच्या पेशींनी रुग्णाला अधिक चांगला गुण येतो, म्हणून डॉक्टर निवडताना तिशीच्या आतल्याला प्राधान्य देतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, हृदयविकार, कर्करोग, इन्शुलिनवर असलेला मधुमेह, शरीर स्वतःवरच हल्ला करतं अशा प्रकारचे आजार असतील तर नाव घेतलं जात नाही. फॉर्मवर काही लपवू नका. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल, थायरॉईडची गोळी चालू असेल, तर स्वतःच अपात्र ठरवून घरी जाऊ नका, विचारा. गरोदरपणात किंवा क्षयाचे उपचार चालू असताना थांबावं लागतं, नंतर येता येतं.

प्रत्यक्ष नोंदणी म्हणजे एक फॉर्म, संमतीची सही आणि कापूस लावलेल्या दोन-तीन काड्या गालाच्या आतल्या बाजूला अर्धा-एक मिनिट फिरवणं. त्याआधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू, काहीही नको. चूळ भरून या. सुई नाही, रक्त नाही. तुम्हाला याचे पैसे पडत नाहीत, मिळतही नाहीत.

फॉर्मवर स्वतःच्या नंबरसोबत घरातल्या अशा माणसाचा नंबर द्या जो सहसा नंबर बदलत नाही. मी वडिलांचा दिला होता. चार वर्षांत माझा नंबर दोनदा बदलला होता, संस्थेने मला गाठलं ते वडिलांच्या फोनवरून. शहर बदललं, लग्न झालं, नाव बदललं, परदेशी गेलात, मोठं आजारपण झालं, की संस्थेला एक ईमेल टाका. नाव साधारण साठीपर्यंत यादीत राहतं, आणि बहुतेकांना आयुष्यात कधीच फोन येत नाही. तरीही तुमची नोंद वाया जात नाही, जगभरच्या रुग्णांसाठी ती रोज तपासली जात असते.

तिसरी पायरी : फोन येतो

"एका रुग्णाशी तुमचं प्राथमिक जुळतंय," असं समोरून सांगतात. हातातलं काम थांबवून शांतपणे ऐका. लगेच उत्तर सुचलं नाही तर एक-दोन दिवस मागा, पण फोन टाळू नका. नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे रुग्णाचे डॉक्टर दुसरा दाता शोधायला लागतात. न उचललेल्या फोनमागे रुग्णाचे दिवस वाया जातात.

हो म्हणालात तर आधी रक्ताचा नमुना घेऊन एचएलए पुन्हा बारकाईने तपासतात आणि संसर्गाच्या चाचण्या करतात. इथे तुमच्यापेक्षा चांगला जुळणारा कोणी मिळाला, किंवा रुग्णाची तब्येत बिघडली, तर गोष्ट इथेच थांबू शकते. थांबली नाही तर पूर्ण वैद्यकीय तपासणी होते : रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, स्त्रियांसाठी गर्भचाचणी. ही तपासणी करणारे डॉक्टर रुग्णाचे नसतात, तुमचे असतात. मनात जे असेल ते त्यांना विचारा. मी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. हाताच्या शिरा बारीक असतील तर मानेजवळच्या शिरेत नळी घालावी लागते का, हा त्यातला एक. क्वचित लागते. तुमच्या बाबतीत तशी शक्यता आहे का आणि तुम्हाला ते मान्य आहे का, हे आधीच बोलून घ्या.

आणि इथे एक गोष्ट अगदी नीट समजून घ्या. तुमच्या दानाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करणारी औषधं सुरू होतात. एकदा ती सुरू झाली की परत फिरायला वाट नसते. त्या क्षणानंतर दात्याने नाही म्हटलं, तर रुग्णाच्या शरीरात रक्त बनवणारं काहीच उरलेलं नसतं, आणि त्याचा मृत्यू जवळजवळ ठरलेला असतो. कायदा तेव्हाही तुम्हाला अडवत नाही. पण ती वेळ येण्याच्या आत मनातली प्रत्येक शंका संपलेली असावी. मी अंतिम संमतीवर सही केली ती आई-वडिलांना शेजारी बसवून.

चौथी पायरी : इंजेक्शनचे पाच दिवस

मूलपेशी मज्जेत राहतात, रक्तात अगदी थोड्या फिरतात. त्या रक्तात उतराव्यात म्हणून चार-पाच दिवस रोज त्वचेखाली जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन देतात. शरीर स्वतःही हे द्रव्य बनवतं, इथे ते जास्त प्रमाणात दिलं जातं.

खरं सांगते, दुखतं. सुईचं नव्हे, हाडांचं. कंबर, पाठ, मांड्या अशा ठणकतात जशा चिकुनगुनियात किंवा मोठ्या तापात. डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही, थकल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी जिना सावकाश चढत होते. पॅरासिटामॉलने बराच आराम पडतो. ऍस्पिरिन मात्र डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. इंजेक्शनं थांबली की एक-दोन दिवसांत दुखणं ओसरतं. फार क्वचित प्लीहा सुजण्याचा त्रास होतो, म्हणून या दिवसांत पोटात डावीकडे वर किंवा डाव्या खांद्यात तीव्र कळ आली तर लगेच फोन करायचा, आणि कुस्ती, कबड्डी, जड उचलणं बंद. या इंजेक्शनाने पुढे कर्करोग होतो अशी एक भीती ऐकू येते. हजारो दात्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आहे, त्यात असा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही.

ऑफिसात आधी सांगून ठेवा. पूर्ण रजा लागेलच असं नाही, पण पाचव्या-सहाव्या दिवशी मीटिंग ठेवू नका.

पाचवी पायरी : दानाचा दिवस

सकाळी पोटभर नाश्ता करा, दही-दूध-नाचणी असं कॅल्शियम देणारं खा. सैल बाह्यांचे कपडे घाला. केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर तुमचा आणि सोबतच्या माणसाचा प्रवास, मुक्काम संस्था बघते.

खुर्चीत रेलून बसवतात. एका दंडातून रक्त यंत्रात जातं, यंत्र त्यातल्या मूलपेशी वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या दंडातून परत येतं. साधारण चार ते सहा तास असं चालतं. तेवढ्यात अंगातलं सगळं रक्त दोन-तीन वेळा यंत्रातून फिरून आलेलं असतं. रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य मिसळतात त्याने रक्तातलं कॅल्शियम थोडं उतरतं आणि ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मुंग्या जाणवल्या की लगेच नर्सना सांगा, सहन करत बसू नका, कॅल्शियम दिलं की बरं वाटतं. हात वाकवता येत नाहीत, म्हणून नाकाला खाज सुटली तर ती खाजवायला सोबत कोणीतरी हवं. माझ्या सोबत आई होती. पेशी कमी भरल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं.

शेवटी एक छोटी पिशवी भरते, लालसर, टोमॅटोच्या सारासारखी दिसणारी. ती थंड पेटीत घालून माणूस स्वतः हातात घेऊन विमानाने जातो. साधारण ७२ तासांच्या आत त्या पेशी रुग्णाच्या शरीरात जायला हव्यात.

दुसरी पद्धत आहे ती थेट मज्जा काढण्याची. अॅप्लास्टिक अॅनिमियासारख्या काही आजारांत, विशेषतः लहान मुलांसाठी, डॉक्टर ती मागतात. पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने सुईने मज्जा काढतात, तास-दोन तास लागतात. कण्याशी तिचाही संबंध नाही. एक-दोन दिवस रुग्णालयात, मग आठवडाभर पडल्यासारखी कंबर दुखते. मज्जा चार ते सहा आठवड्यांत भरून येते. कोणती पद्धत योग्य हे रुग्णाचे डॉक्टर सुचवतात, पण तुम्हाला एकच मान्य असेल तर तसं सांगता येतं.

तिकडे रुग्णाच्या खोलीत

पेशी चढवतात तो दिवस 'शून्यावा'. तिथून पुढे दिवस मोजतात. दोन ते चार आठवडे रुग्ण गाळलेल्या हवेच्या खोलीत एकटा असतो. पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात, साधा संसर्ग जीवावर बेतू शकतो. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि घरचे एका आकड्याकडे डोळे लावून बसतात. पांढऱ्या पेशींचा आकडा वर चढायला लागला, की बियाणं रुजलं.

रुजल्यावरही लढाई संपत नाही. नव्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परकं समजून त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला करू शकतात. ते दाबायला औषधं द्यावी लागतात. पण हीच चढाई लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही मारते, म्हणून डॉक्टर ती पुरती दाबतही नाहीत. पहिले १०० दिवस फार जपावे लागतात. पुढे लहानपणीच्या लसीसुद्धा पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. सगळेच रुग्ण वाचतात असं नाही. दात्याने हे आधीच मनाशी धरलेलं बरं.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि साठलेलं लोह काढायला रोज औषध घ्यावं लागतं. प्रत्यारोपण यशस्वी झालं की हे थांबतं. आपल्याकडे सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत थॅलेसेमिया जास्त दिसतो, विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात सिकल सेल. या मुलांचं प्रत्यारोपण लहान वयात, अवयव खराब होण्याआधी झालं तर गुण चांगला येतो.

घरात रुग्ण असेल तर आधी सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी करून घ्या, आणि बाहेरच्या दात्याचा शोध तुमच्या प्रत्यारोपण डॉक्टरांमार्फतच सुरू करा. कोणी जुळलं नाही तरी आता आई, वडील किंवा मुलगा-मुलगी यांच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशींवरही प्रत्यारोपण होतं, तेव्हा आशा सोडू नका. खर्च मोठा असतो. कोल इंडियाच्या मदतीने चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी यांचे अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातून भरून घ्या. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं केंद्र लहान मुलांच्या थॅलेसेमियासाठी आणि प्रत्यारोपणासाठीच उभारलेलं आहे. आणि एक कळकळीची विनंती : गुडघे, मधुमेह, स्वमग्नता यांवर 'स्टेम सेल थेरपी' विकणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. वर जे सांगितलं त्याचा आणि त्यांचा काही संबंध नाही.

दान झाल्यावर

दोन दिवस थकवा राहतो, मग नेहमीची कामं सुरू. संस्था काही काळ फोन करून तब्येत विचारते, रक्त तपासते. रुग्ण कोण हे तुम्हाला सांगत नाहीत. मला कळलं ते इतकंच, की एक लहान मुलगा आहे. नाव, गाव न लिहिता संस्थेमार्फत पत्र पाठवता येतं, आणि साधारण वर्षभरानंतर दोन्ही बाजू तयार असतील तर ओळख करून देतात.

या काळात तुम्ही त्या एकाच रुग्णासाठी राखून ठेवलेले असता. त्याच्या नव्या पेशी कमी पडल्या, किंवा आजाराने पुन्हा डोकं वर काढलं, तर तुमच्या पांढऱ्या पेशींची गरज लागू शकते. माझ्याकडे तो फोन सात महिन्यांनी आला. या वेळी पाच दिवसांची इंजेक्शनं नव्हती, फक्त यंत्रावर काही तास बसायचं होतं. मी हो म्हटलं, आणि मग इचलकरंजीला फोन लावला. आईने पहिल्यांदा विचारलं ते त्या मुलाबद्दल, त्याला काय झालं म्हणून. मला माहीत नव्हतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कधी जायचंय? मी आदल्या रात्री येते. नाचणीचं सत्त्व घेऊन येते."